धनेशाची खुंटी आणि पोपटाचा परतबोल

एका जंगलात हवा राहत होती.

हसू नका. हवा सगळ्याच जंगलांत असते, हे मलाही माहीत आहे. पण या गोष्टीत वाघाच्या आधी हवेचं नाव घ्यावं लागतं, कारण वाघ रोज सारखाच असायचा आणि हवा रोज वेगळी. कधी जड, कधी हलकी. डोंगराच्या या बाजूला जड असली तर त्या बाजूला हलकी. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यांना त्याचं काही नव्हतं. पक्ष्यांना मात्र रोज हवेची चौकशी करावी लागायची. का, ते सांगतो. मधे बोलू नका.

त्या जंगलातल्या प्रत्येक पक्ष्याच्या गळ्यात एक डबी असायची. बांबूच्या पेराची. पेराच्या तोंडावर पातळ कातडं ताणून बसवलेलं आणि कातड्याला एक सुई. पक्षी जमिनीवर असला की त्याच्या डोक्यावर हवेचा मोठा ढीग असतो. तो ढीग कातडं आत दाबायचा. पक्षी वर गेला की ढीग कमी व्हायचा, कातडं फुगायचं आणि सुई सरकायची. सुईकडे बघून पक्ष्याला कळायचं की आपण इतके बांबू वर आहोत. ढगात शिरलं की स्वतःची शेपटीही दिसत नाही. तिथं ही सुई हीच काय ती सोबत.

आता यातली लबाडी बघा. एखाद्या दिवशी हवा मुळातच हलकी असली, तर कातडं जमिनीवर बसल्या जागीच फुगायचं. पक्षी असायचा दगडावर आणि सुई म्हणायची, तू आठ बांबू वर आहेस. हवा हलकी झाली की सुई बढाया मारते, एवढं डोक्यात ठेवा.

म्हणून डबीला एक खुंटी होती. खाली तळ्याकाठी टिटवी बसायची. ती रोज हवा जोखायची आणि दिवसाचा आकडा सांगायची. जड हवेला मोठा आकडा, हलक्या हवेला लहान. पक्ष्यानं खुंटी पिळून तो आकडा लावला की सुई भानावर यायची आणि जमीन जिथं आहे तिथंच दाखवायची. टिटवीचा आवाज ढगांच्या वरपर्यंत जायचा. तळ्याकाठी दुपारची झोप घेणाऱ्या म्हशींना विचारा.

झालं? नाही झालं. डोंगराच्या दोन बाजूंना दोन खोरी. दोन्हीकडे वेगळी हवा, वेगळी टिटवी आणि वेगळा आकडा. या खोऱ्यातला बगळा आपला आकडा लावून निघायचा, त्या खोऱ्यातली घार आपला. दोघं ढगात समोरासमोर यायचे. दोघांच्या सुया म्हणायच्या, मधे भरपूर अंतर आहे. डोकी मात्र एकाच उंचीवर भेटायची.

तेव्हा जाणत्या पक्ष्यांनी फार पूर्वी एक तोड काढली. सगळ्यात उंच डोंगराच्याही बऱ्याच वर, आकाशात, त्यांनी एक उंबरठा मानला. तो दिसत नाही, मानायचा असतो. वर जाताना उंबरठा ओलांडला की आपल्या खोऱ्याचा आकडा सोडायचा आणि सगळ्यांनी एकच सामाईक आकडा लावायचा. तीस. तीस हा आकडा कुठल्याच खोऱ्याचा नव्हता. त्यानं सगळ्यांच्याच सुया थोड्या चुकायच्या, पण सारख्याच चुकायच्या, त्यामुळे टक्कर होत नसे. वर जमीन नाही. तिथं खरं असण्यापेक्षा एकमेकांसारखं असणं बरं.

उतरताना मात्र उंबरठ्यावर तीस सोडायचा आणि खालच्या खोऱ्याचा त्या दिवसाचा आकडा लावायचा. कारण खाली डोंगर असतो, आणि डोंगर कोणासारखाही होत नाही.

इतकी साधी गोष्ट. मग यात गडबड कुठून आली? खात्यातून आली.

राजा वाघानं एके दिवशी उड्डाण खातं काढलं आणि ते हत्तीला दिलं. हत्तीला उड्डाणात कसलाही स्वार्थ नव्हता, म्हणून. हत्तीसाहेब कामाचे पक्के होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मान वर करून आकाशाकडे पाहिलं. मान दुखायला लागली तेव्हा ती खाली घेतली आणि विचारलं, "वर गेलेला पक्षी खुंटी पिळतो की नाही, हे इथून कसं दिसणार?"

"नाही दिसणार, साहेब," टिटवी म्हणाली.

"दिसणार नाही. पण ऐकू तर येईल ना?"

असा परतबोल सुरू झाला. टिटवीनं आकडा सांगायचा आणि पक्ष्यानं तोच आकडा परत म्हणून दाखवायचा. जो म्हणणार नाही, तो गप्प उतरला असं समजायचं. तीनदा गप्प उतरणाऱ्याला आकाशबंदी.

नियम वाईट नव्हता, मुलांनो. हत्तीवर उगाच राग धरणारा मी माणूस नाही. आकडा परत म्हटला की तो नीट ऐकला गेला, एवढं तरी कळतं. पहिले काही दिवस पक्षी आकडा म्हणायचे आणि खुंटीही पिळायचे. पण खात्याला ऐकू यायचं ते फक्त म्हणणं. खुंटी पिळण्याचा आवाज होत नाही. आणि ज्याचा आवाज होत नाही, ते काम खात्याच्या जंगलात हळूहळू बंद पडतं.

या नियमासाठी जणू एक पक्षी जन्मालाच आला होता. कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. टिटवी म्हणायची, "खोऱ्याचा आकडा बावीस." त्यावर पोपट वरून म्हणायचा, "ऐकला, मानला, लावला. खोऱ्याचा आकडा बावीस. टिटवीताई, आपला आभारी आहे." ते इतकं स्वच्छ, इतकं गोड, की खाली हत्तीसाहेबांचे डोळे भरून यायचे. त्यांनी पोपटाला परतबोल तपासनीस नेमलं. पोपट वर्ग घ्यायला लागला. 'मानला' म्हणताना मान किंचित झुकवावी, 'लावला' ठाम म्हणावं, 'आभारी' शब्दावर श्वास सोडावा, असं शिकवायला लागला. बगळे, बुलबुल, वेडे राघू सकाळी फांदीवर ओळीनं बसून घोकायचे.

पोपटाच्या स्वतःच्या खुंटीवर एका कोळ्यानं जाळं विणलं होतं. त्या कोळ्याला आता तिथंच नातवंडं झाली होती.

तरी काही बिघडत नव्हतं. आकाश मोकळं होतं, डोंगर दिसत होता, पक्षी डोळ्यांनी बघून उतरत होते.

आता ज्याची ही गोष्ट आहे, तो येतो. नरहर नावाचा धनेश. मोठी पिवळी चोच, चोचीवर शिरस्त्राण, आणि उडताना पंखांचा असा घोंघाट की खालची माकडं वर बघायची. स्वभावानं गरीब आणि जरा विसराळू. त्याची बायको सुशी. ती या वेळी डोंगरमाथ्यावरच्या बेहड्याच्या झाडात, ढोलीत बसली होती.

धनेशांची रीत तुम्हांला माहीत नसेल. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते, बस. आत तिची पिसं झडतात. पिल्लू मोठं होईपर्यंत तिला उडता येत नाही, बाहेर पडता येत नाही. नरानं फळं आणायची आणि फटीतून भरवायची. नर आला नाही, तर आत दोन जीव उपाशी मरतात. दुसरं कोणी येत नाही. ही रीत कोणी काढली, मला विचारू नका. मी काढली असती तर निदान एक खिडकी ठेवली असती.

त्या वर्षी या खोऱ्यातली उंबरं लवकर संपली. फळ उरलं ते डोंगरापलीकडच्या खोऱ्यात. नरहर रोज उंबरठ्याच्या वरून पलीकडे जायचा आणि गळा भरून, वर चोचीतही उंबरं धरून परत यायचा. उतरताना टिटवी आकडा सांगायची. नरहर ऐकायचा, पंजा वर घेऊन खुंटी पिळायचा आणि मुकाट उतरायचा.

तोंडात उंबरं भरून 'ऐकला, मानला, लावला' म्हणून बघा. घरी नका बघू, आईची बोलणी खाल.

दोनदा असं झाल्यावर पोपट बेहड्यावर आला.

"नरहरराव, आपण कालही बोलला नाहीत."

"तोंडात उंबरं होती."

"ती झाली घरची बाब."

"पण मी खुंटी पिळली होती."

"असं आपण आत्ता म्हणताय," पोपट शांतपणे म्हणाला. "तेव्हा म्हणाला नाहीत. आणखी एकदा गप्प उतरलात तर आकाशबंदी. मग मलाही काही करता येणार नाही."

ढोलीच्या फटीतून सुशी सगळं ऐकत होती. आकाशबंदी म्हणजे काय, हे तिला नरहरपेक्षा आधी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी नरहरनं नियम पाळला. टिटवी म्हणाली, "खोऱ्याचा आकडा चोवीस." नरहरनं चोच उघडली आणि म्हटलं, "ऐकला." एवढ्यात चोचीतली उंबरं गेली. "मानला, लावला" म्हणेपर्यंत गळ्यातलीही वर आली आणि गेली. खाली रानडुकरांनी ती वेचून खाल्ली आणि परतबोलाचा नियम फार चांगला आहे, असं त्यांचं एकमत झालं.

नरहर ढोलीपाशी आला. फटीतून सुशीची चोच बाहेर आली.

"काय आणलंत?"

"आज बोललो," नरहर म्हणाला.

"मग पिल्लाला काय, ते बोलणं भरवू?"

नरहर फांदीवर बसून राहिला. त्याला आपल्या मोठ्या चोचीची लाज वाटली. एवढी मोठी चोच, आणि तिच्यानं एका वेळी एकच काम होतं.

संध्याकाळी पोपट पुन्हा आला. या वेळी तो तपासनीस म्हणून आला नव्हता, हितचिंतक म्हणून आला होता. तशांचं बोलणं जास्त जपून ऐकावं. "खात्यात एक सोय आहे," तो म्हणाला. "ज्याला स्वतः बोलणं जमत नाही, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं बोललं तरी चालतं. मी आपल्याबरोबर उडेन. आकडा मी परत म्हणेन. आपण उंबरं धरा."

"आणि तुम्हांला काय मिळणार?"

"छे छे. चार उंबरं द्या वाटेवर. तीही आग्रह केलात तर."

सुशी आतून म्हणाली, "बोलायला पोपट ठेवलात. आणि खुंटी पिळायला?"

"मी आहे की," नरहर म्हणाला.

होता तो. पहिले काही दिवस अगदी होता. उंबरठ्यावर टिटवीचा आकडा यायचा, पोपट आपलं गोड स्तोत्र म्हणायचा आणि नरहर खुंटी पिळायचा. पिल्लाला पोटभर मिळायला लागलं. त्याचा आवाज ढोलीबाहेर ऐकू यायला लागला. नरहर खूश झाला, जरा सुस्तावला. रोज कानाशी कोणी ठणकावून 'लावला' म्हणत असलं, की आपल्यालाही वाटायला लागतं, लागलाच असेल. मग तो कधी थोडा खाली आल्यावर पिळायचा, कधी झाडावर बसल्यावर पिळायचा. ऊन होतं, डोंगर लांबून दिसत होता. कोणी काही म्हटलं नाही. म्हणणार कोण? परतबोल तर वेळेवर होत होता.

मग एक दिवस दूर समुद्रात वादळ येऊन बसलं. हवा हलकी झाली. इतकी हलकी, की तळ्याकाठच्या बेडकांनाही उगाच उत्साह आला. ढग उतरले आणि डोंगराच्या माथ्यावर टेकले. बेहडा त्यात दिसेनासा झाला.

"आज नका जाऊ," सुशी म्हणाली.

"काल दुपारपासून पिल्लाच्या पोटात काही नाही."

"ऐकतेय मी. माझ्याच अंगावर रडतंय ते." तिनं पिल्लाला पोटाशी घेतलं. "बरं. सांभाळून या."

नरहर गेला. पोपटही गेला, कारण चार उंबरांची आता त्याला सवय झाली होती. पलीकडच्या खोऱ्यात उंबरं मिळाली. परतताना दोघं ढगांच्या वर आले. तिथं लख्ख ऊन होतं. खाली पांढरा पसारा. पोपट आपल्याला खात्याकडून मिळू घातलेल्या मानाबद्दल बोलत होता. तोंड भरलेलं असल्यामुळे नरहरला फक्त ऐकता येत होतं. अशा सोबत्याशी पोपट फार आवडीनं बोलायचा.

नरहरचा उतरण्याचा रस्ता ठरलेला होता. माथा चाळीस बांबू उंच. म्हणून सुई साठावर ठेवून माथा गाठायचा आणि वरून बेहड्यावर उतरायचं. वीस बांबूंची मोकळीक म्हणजे चिंता नाही.

उंबरठा आला. खालून टिटवीचा आवाज आला. "खोऱ्याचा आकडा अठरा. पुन्हा सांगते, अठरा. हवा फार हलकी आहे. जपून या."

पोपटानं छाती भरून श्वास घेतला. मुलांनो, त्या दिवशीचा परतबोल जंगलात कोणी विसरणार नाही. "ऐकला, मानला, लावला," तो म्हणाला, आणि 'लावला' शब्दावर अशी ठाम थाप दिली, की ढगांच्या खाली हत्तीसाहेब कान हलवायचे थांबले. "खोऱ्याचा आकडा अठरा. हवा हलकी, आम्ही सावध. टिटवीताई, आपला आभारी आहे."

नरहरला बरं वाटलं. काम झाल्यासारखं वाटलं. त्याचा पंजा थोडा वर आला होता, तो पुन्हा पोटाशी गेला. दोघं ढगात शिरले.

खुंटी तीसवरच होती.

सुई साठ दाखवत होती. सुईचा दोष नाही. तिला तीस सांगितलं होतं, ती तीसच्या हिशेबानं बोलत होती. खरी हवा अठराची होती, आणि मधली सगळी तफावत सुई बढायांनी भरून काढत होती. नरहर खरोखर किती बांबूंवर होता, ते मी सांगत नाही. माथ्याच्या खाली होता, एवढं पुरे. समोर ढग होता आणि ढगामागे कडा होता. नरहर निवांत पंख हलवत होता.

वर बेहड्यात सुशी बसली होती. इतके दिवस तिला बघायला काही नव्हतं, म्हणून ती ऐकायची. नरहरच्या पंखांचा घोंघाट तिला पाठ होता. तो रोज झाडाच्या वरून यायचा आणि उतरत उतरत फटीपर्यंत पोचायचा. आज घोंघाट आला, पण खालून आला. कड्याच्या पोटाकडून. तिनं पुन्हा कान दिला. खालूनच. आणि जवळ येत होता.

तिनं चोच फटीत खुपसली आणि होता नव्हता तेवढा जीव आवाजात आणून ओरडली. "अहो, तुम्ही खाली आहात. वर व्हा."

नरहरला ते ऐकू आलं. त्यानं सुईकडे पाहिलं. सुई म्हणत होती साठ. बायको म्हणत होती खाली. नरहर काही फार हुशार नव्हता, पण संसारी होता. त्यानं सुईवरची नजर काढली आणि मान वर करून जीव खाऊन पंख मारले.

शेजारी पोपटानंही तो आवाज ऐकला. आकाशात कोणी काही सांगितलं की काय करायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "ऐकलं, मानलं, वर झालो," तो स्पष्ट म्हणाला, आणि सरळ जात राहिला.

कडा आला. नरहरच्या पोटाची पिसं खडकाला घासली, आणि तो माथ्यावरून पलीकडे गेला. पोपट करवंदीच्या जाळीत शिरला. मेला नाही, घाबरू नका. जाळी दाट होती आणि पोपट हलका होता. त्याची चोच तेव्हापासून वाकडी झाली असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. ती आधीपासूनच वाकडी होती.

एकही उंबर सांडलं नाही असं सांगितलं असतं, तर गोष्ट छान झाली असती. पण बरीच सांडली. नरहर ढोलीपाशी पोचला तेव्हा गळ्यात थोडीच उरली होती. ती त्यानं एकेक करून फटीतून आत दिली. आत पिल्लाच्या खाण्याचा आवाज आला.

"खुंटी?" सुशीनं विचारलं.

नरहरनं खाली पाहिलं. "तीस," तो म्हणाला. मग आपण कड्यावर आदळलो असतो तर काय, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याला ही फट दिसली, फटीत तिची चोच दिसली, आणि बाहेर कोणीच नाही असं दिसलं. दिवसभर नाही, उद्याही नाही. तो बराच वेळ फांदीला घट्ट धरून बसला. सुशीनं फटीतून चोच बाहेर काढून त्याच्या पंखाला लावून ठेवली. रागवायचं तिनं नंतरसाठी ठेवलं.

खात्यानं चौकशी बसवली. हत्तीसाहेब मध्ये बसले. पोपटाच्या डोक्याला पळसाचं पान बांधलं होतं.

"आकडा सांगितला होता?" हत्तीसाहेबांनी विचारलं.

"दोनदा सांगितला, साहेब," टिटवी म्हणाली.

"परतबोल झाला होता?"

"अख्ख्या जंगलानं ऐकला," सगळे म्हणाले. काहींनी तो म्हणूनही दाखवला.

"म्हणजे सगळं नियमाप्रमाणे झालं. चूक झालेलीच नाही."

नरहर पुढे आला. आदल्या दिवसापासून तो एक वाक्य मनात घोळवत होता. खुंटी मी पिळली नव्हती. कोणी विचारलं की सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. "साहेब, मला जरा सांगायचंय," तो म्हणाला.

"आपल्या वतीनं पोपटराव बोललेले आहेत," हत्तीसाहेब मायेनं म्हणाले. "आपण शांत राहा. आपल्याला धक्का बसलाय."

खुंटीबद्दल कोणी विचारलं नाही. नरहर ते वाक्य तसंच घेऊन मागे सरला.

मग दोष कोणाचा? बराच विचार झाला. सुई साठ दाखवत असताना जो माथा वाटेत येतो, तो उघडच बेशिस्त आहे, असं ठरलं. दोष डोंगराचा निघाला. हत्तीसाहेब जातीनं कड्यासमोर गेले आणि त्यांनी मोठ्यानं हुकूम सुनावला. "डोंगरानं वीस बांबू खाली यावं." डोंगरानं क्षणभरानं हुकूम परत म्हटला. शेवटचे शब्द तर अगदी स्पष्ट म्हटले. "बांबू खाली यावं." हत्तीसाहेब सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा, याला म्हणतात परतबोल." डोंगराचं प्रकरण तिथंच मिटलं.

सुशीलाही शिक्षा झाली. तिनं स्वतः टिटवी नसताना उंची सांगितली होती. म्हणून पुढचा हुकूम होईपर्यंत ढोलीबाहेर पडायचं नाही. ती आधीच आत लिंपलेली असल्यामुळे शिक्षा तत्काळ अमलात आली.

पण नरहरचा प्रश्न तसाच होता. पोपटाला बरोबर न्यायचं नाही, हे त्यानं ठरवलं होतं. स्वतः बोलायचं तर उंबरं जातात. गप्प उतरलं तर तिसरी खेप, म्हणजे आकाशबंदी. वाट सुशीनं काढली. "नियमात मुक्यांचं काय म्हटलंय?" तिनं विचारलं.

नियमात मुक्यांचं म्हटलं होतं. हत्तीसाहेब सगळ्यांचा विचार करणारे होते. मुक्या पक्ष्याला परतबोल माफ. तो उतरल्यावर टिटवीनं जवळ जाऊन त्याची खुंटी पाहावी, कारण त्याच्याजवळ तपासण्यासारखं दुसरं काही नाही. जंगलात मुका पक्षी एकही नव्हता, म्हणून हे कलम कोणी वापरलं नव्हतं.

नरहर खात्यात गेला.

"नाव?" हत्तीसाहेबांनी विचारलं. नरहर गप्प. "काम?" गप्प. "आपण मुके आहात?" गप्प.

"साहेब, हे बोलतात," पोपट म्हणाला. "मी स्वतः ऐकलंय."

"मी चौकशी केली, तेव्हा यांच्या तोंडून काही कामाचं आलं नाही," हत्तीसाहेब म्हणाले. ते न्यायाला पक्के होते. नरहरच्या गळ्यात मुक्याची खूण म्हणून काळा दोरा बांधण्यात आला.

त्या दिवसापासून नरहर तोंडभर उंबरं घेऊन यायचा, उंबरठ्यावर आकडा ऐकायचा, पंजा वर घेऊन खुंटी पिळायची हे स्वतःला मनात सांगायचा, आणि पिळायचा. तो उतरला की खालून टिटवी येऊन बघायची. जंगलात ज्याची खुंटी कोणी बघत होतं, असा तो एकटाच पक्षी होता.

"आता घरीही बोलायचं नाही का मी?" त्यानं सुशीला हळूच विचारलं.

"आधी तरी काय बोलत होतात?" सुशी म्हणाली. पण पुढचं उंबर तिनं त्यालाच परत दिलं.

मग एका बुलबुलाच्या मनात आलं, आपलीही खुंटी कोणी बघितली तर बरं. घरी लेकरं त्यालाही होती. तो मुका झाला. त्याच्या मागून दोन बगळे मुके झाले. वेडे राघू तर थव्यानं मुके झाले. टिटवीचं काम वाढलं, पण तिनं तक्रार केली नाही. वर्गातल्या फांद्या रिकाम्या पडत गेल्या. पावसाळा ढगांनी भरून आला आणि गेला, आणि कड्यावर कोणी आदळलं नाही.

ही गोष्ट खात्याच्या नजरेतून सुटली नाही. अपघात एकही नाही, म्हणजे परतबोलाला यश आलं, हे उघड होतं. हत्तीसाहेबांनी मोठी सभा भरवली आणि पोपटाला मान दिला. पोपट भाषणाला उभा राहिला. आकाशात शिस्त कशी आणली, ते तो सकाळपासून सांगत होता, दुपारपर्यंत सांगत होता. समोर सगळे पक्षी बसले होते, गळ्यात काळे दोरे घालून, अगदी शांत. इतके चांगले श्रोते आपल्याला कधीच मिळाले नव्हते, असं पोपट म्हणाला, आणि ते खरं होतं.

सुशीही आली होती. ढोलीची भिंत फोडून ती नव्या पिसांनी बाहेर पडली होती; तिच्या शिक्षेची खात्यात कोणाला आठवण राहिली नव्हती. नरहर मात्र नव्हता. तो पलीकडच्या खोऱ्यात उंबरं आणायला गेला होता. शेजारी पिल्लू बसलं होतं. त्यानं इतका वेळ बोलणारं कोणी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"आई, हा कोण?"

"हा सांगतो, कसं उतरायचं ते."

"आणि बाबा?"

"ते घरी येतात," सुशी म्हणाली.

तात्पर्य: मुलांनो, बोलायला शिका. स्पष्ट बोला, गोड बोला, वेळेवर बोला आणि शेवटी आभार मानायला विसरू नका. खुंटी पिळायला कोणी ना कोणी मुका सापडतोच. नाहीच सापडला, तर डोंगराला खाली यायला सांगता येतं.